कुठं चालले?

आमच्या फाटकासमोरचे काका घरातून निघालेल्या प्रत्येकाला हटकून विचारतात, "कुठं चालले?" निघताना असं टोकलं की काम बिघडतं, असं घाटंजीत सगळेच मानतात. मग आई मला परत घरात ओढते, पाणी पाजते, थोडा वेळ बसवते. तेवढ्यात यवतमाळची बस निघून जाते.

परवा माझं डोकंच फिरलं. "काका, कायले टोकता रोज?"

ते जराही ओशाळले नाहीत. "पोरीकडे कॅनडात गेलतो. रात्रंदिवस रेल्वेत बसून होतो. समोर माणसं बसत, उतरून जात. कुठं चालले, हे एकानंबी इचारलं नाही. मले वाटे, मी गाडीत बसलोच नाही."

"ते कॅनडा होतं. इथं माझी बस चुकून राह्यली!"

आज बॅग घेऊन निघालो. काका ओट्यावर बसले होते, तोंड मिटून, स्वतःच्या चपलांकडे पाहत. कोपऱ्यावर पोचलो, बस उभी होती, पण पाय पुढे पडेना. चरफडत मागं आलो.

"यवतमाळले चाललो, काका."

"काहून? काय काम काढलं?" त्यांनी सरकून मला बसायला जागा केली.

बस गेली.