अप्पांनी उचललेला बेलभंडारा

शपथ घ्यायला कुणी महादेवाच्या देवळात आलं, की शिवलिंगअप्पा गुरव त्यांना आधी घरी पाठवत. "जेवून या. उपाशी माणूस रागाच्या भरात कायबी उचलतो," म्हणत. निजामाचं राज्य होतं. लोहाऱ्याकडच्या आमच्या गावापासून कचेरी लांब, आणि तिथलं कामकाज उर्दूत. म्हणून बांधाचा, विहिरीच्या पाळीचा तंटा अप्पांच्या पितळी ताटलीवर मिटे. तिच्यात पिंडीवरचा बेल आणि चिमूटभर भंडारा, म्हणजे हळद, एवढंच असे. ते हातात घेऊन जो बोलला, गाव त्याचं खरं मानायचं. जेवून परत येणारे थोडेच. बाकीचे घरीच समजूत काढत. अप्पांना तेच बरं वाटे. "उचललेलं खाली ठिवता येत न्हाय, बाई," असं ते मला सांगत. ते आमचे शेजारीच होते.

रझाकारांच्या दिवसांत आमचे हे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात निरोप पोचवत. एका दुपारी पोलीस आले. अप्पांनीच यांना आमच्या परड्यातल्या रिकाम्या पेवात, धान्य साठवायच्या खड्ड्यात, उतरवलं आणि वर कडबा ओढला. त्यांच्या अमिनाला, म्हणजे फौजदाराला, गावची रीत ठाऊक होती. त्यानं घरं धुंडाळली नाहीत. अप्पांना देवळात नेलं आणि म्हणाला, गुरवानंच भंडारा उचलून सांगावं. मी पायरीशी उभी होते. अप्पांनी बेलभंडारा हातात घेतला.

"त्यो माणूस आठ दिस झालं गावात न्हाय," ते म्हणाले.

अमीन निघून गेला.

त्यानंतर अप्पांनी ताटली कुणाच्याच हाती दिली नाही. कचेरीत जा, म्हणत. राज्य बदललं, गावानं यांना हार घातले. हे दर सोमवारी अप्पांच्या पाया पडायला जात. एका सोमवारी अप्पांनी यांना समोर बसवलं. फार थकलेले दिसत होते.

"तुमी जगला, बरं झालं. फिरून येळ आली तर म्या तेच सांगीन. पर आता येत जाऊ नका. तुमाला बघितलं, की मला देवाम्होरं बसवत न्हाय."

हे उठले. भिंतीला भिंत लागून घर, तरी सहा वर्षं यांनी तो उंबरा ओलांडला नाही. अप्पा गेले त्या सकाळी आत गेले, आणि पहिला खांदा यांनीच दिला.