रुईच्या गोदामातला आवाज

नेरच्या बसस्टँडसमोर रहमत मिस्त्रीचं भोंग्याचं दुकान होतं. लग्न असो, उरूस असो की निवडणूक, बोलावणं आलं की तो भोंगे, माईक आणि मोटारीची बॅटरी बैलबंडीत टाकून निघायचा. कार्यक्रमात काय चाललंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसायचं. तारा नीट आहेत का, भोंग्यातून शिट्टी वाजत नाही ना, एवढं पाहून तो बंडीखाली अंग टाकायचा.

सत्तावन्न सालच्या वैशाखात मात्र त्याची झोप गेली. आदल्या दसऱ्याला गावातली बरीच घरं नागपूरला जाऊन धम्म घेऊन आली होती. आता पहिल्यांदाच बुद्धजयंती होती. जुनी गाणी मागं टाकून या लोकांनी नवी रचली होती आणि ती म्हणायला उभी राहिली इंदूबाई. ती जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रुई निवडायला जायची, तिचा नवरा श्रावण ढोलकी वाजवायचा. रहमत माईक ठीक करायला तिच्याजवळ उभा होता. तिचा आवाज भरदार होता, खाली किंचित खरखरणारा, ओल्या मातीसारखा. भोंग्याची दिशा पाहायला तो शेताच्या बांधापर्यंत गेला, तर तिथं ऐकू येत होती दुसरीच बाई. पत्र्यावर नख ओढावं तशी.

घरी आल्यावर त्यानं जुबैदाला, म्हणजे बायकोला विचारलं, की माईकमध्ये पूर्ण आवाज जातो, मग बाहेर अर्धाच का येतो? उरलेला जातो कुठं? जुबैदा म्हणाली की भोंगा तुमचा, तुम्हीच शोधा.

तो शोधतच राहिला. भोंग्याच्या तोंडाला कापड बांधून पाहिलं, भोंगा लाकडी खोक्यात बसवून पाहिला, रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलून पाहिलं. लोकांनी त्याला जरा वेडगळ ठरवलं. पण भोंगे चांगले वाजायला लागले, म्हणून बोलावणी वाढली.

एकसष्ट साली वणीच्या खाणीवरच्या एका साहेबाची बदली झाली. जाताना त्यानं बिघडलेला टेपरेकॉर्डर रहमतला देऊन टाकला. मोठ्या पेटीएवढं यंत्र, वर दोन चकत्या आणि त्यांवरून फिरणारी तपकिरी फीत. आतला रबरी पट्टा तुटला होता. रहमतनं सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून घातला आणि हातानं फिरवून पाहिलं, तर चकत्या फिरू लागल्या. आता आवाज धरून ठेवता येणार होता. त्याला सगळ्यात आधी इंदूबाईचा धरायचा होता.

अडचण विजेची होती. गावात वीज अजून आली नव्हती, फक्त जिनात ऑइल इंजिनावर डायनामो चालायचा. इंदूबाईनंच जिनातलं इंजिन चालवणाऱ्या बळीराम ड्रायव्हरजवळ शब्द टाकला. रविवारी जिन बंद असतो, तेवढ्या वेळात इंजिन चालवतो, असं त्यानं कबूल केलं.

इंजिनाची धडधड माईकमध्ये येऊ नये म्हणून रहमतनं रुईच्या दाबलेल्या गठ्ठ्यांचं, गाठींचं गोदाम निवडलं. माघ महिना होता, रुईच्या गाठी छपरापर्यंत रचलेल्या. मधल्या बोळीत इंदूबाई उभी राहिली, श्रावण तिच्या शेजारी बसला. गाणं झालं. रहमतनं फीत उलटी गुंडाळून वाजवली. पेटीतून आवाज आला तशी इंदूबाई यंत्राकडे वाकून पाहू लागली.

"हे कोन व्हय?" तिनं विचारलं.

"तुमीच."

"नोहे. माहा आवाज असा पातळ नाही."

श्रावण आणि बळीराम दोघंही म्हणाले की हुबेहूब तूच आहेस. तिला पटेना. तेव्हा रहमत स्वतः माईकपुढं बोलला आणि ते ऐकून त्याचाच चेहरा उतरला. हा किरट्या आवाजात बोलणारा माणूस कोण? बाकीच्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. मग त्यानं कानांवर हात ठेवून बोलून पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपला आवाज आपण हाडांतूनही ऐकतो आणि जगाला तेवढा भाग कधी ऐकूच जात नाही. पुढचे कित्येक दिवस तो भेटेल त्याला कान झाकून बोलायला लावत होता.

फितीवरचं गाणं मात्र त्याला पसंत नव्हतं. जुबैदाला गोदामात बोलावून ऐकवलं तर ती म्हणाली की बाई गोधडीत तोंड घालून गातेय, आणि ढोलकी तिच्या पुढं बसलीय. रुई आवाज पिते, हे रहमतला तिथं कळलं. फाल्गुनात गाठींचे ट्रक सुटायला लागले आणि गोदाम हळूहळू मोकळं होत गेलं. दर रविवारी तो तेच गाणं पुन्हा फितीवर भरायचा. भिंत जसजशी उघडी पडली तसतसा आवाज मोकळा झाला. मग एका रविवारी इतका मोकळा झाला, की पत्र्याच्या छपरावर आपटून परत यायला लागला आणि एका ओळीवर दुसरी चढली.

"भाऊ, एकच गानं मी किती खेपा म्हनू?" इंदूबाई वैतागून म्हणाली.

रहमतनं एकच खेप मागितली. उरलेल्या गाठी त्यानं आणि बळीरामनं ढकलून तिच्या पाठीमागं अर्ध्या गोलात लावल्या, समोरची बाजू उघडी ठेवली. श्रावणला पार तोलकाट्याजवळ नेऊन बसवलं. एवढ्या दुरून ताल कसा धरू, असं तो कुरकुरला, पण बायकोच्या हाताकडे पाहत त्यानं धरला. बळीराम इंजिनाच्या दांडीवर हात ठेवून उभा होता, कारण इंजिन जरा मंदावलं की फीत मंदावायची आणि सुरात झोल पडायचा. त्या दिवशी झोल पडला नाही. जुबैदानं संध्याकाळी गोदामात येऊन ते गाणं ऐकलं आणि पुन्हा लावायला सांगितलं.

पुढं रहमतनं नागपूरहून जोडणी आणली आणि यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालू लागलं. जिथं भोंगा जाईल तिथं इंदूबाईचं गाणं जाऊ लागलं. बाभुळगावच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, खेड्यापाड्यांतल्या जयंतीला. लोक यंत्राभोवती गर्दी करायचे. रहमत खुशीत होता.

त्रेसष्टच्या जयंतीआधी इंदूबाई आणि श्रावण दुकानात आले. ती स्टुलावर बसली, पाणी प्याली आणि मग शांतपणे म्हणाली, "या साली आमाले कोनीच बोलावलं नाही. लोक म्हनतात, मिस्त्रीजवळ फीत हाय, तुमाले कायले तरास द्याचा?"

श्रावण म्हणाला, की गाणं तेच आहे, पण फीत गावाला पाहून गाणं बदलत नाही. इंदू म्हातारे जास्त असले तर सावकाश गाते, पोरं असली तर उठून उभी राहते. हे रहमतला नवं होतं. एवढी वर्षं तो आवाजाच्या मागं लागला होता, पण आवाज ऐकणाऱ्याकडे पाहून बदलतो, हे त्यानं कधी तपासलंच नव्हतं.

त्यानं फीत बंद करायची तयारी दाखवली. इंदूबाई नको म्हणाली. तिचं म्हणणं असं, की जिथं आपण कधी गेलो नाही तिथं फीत जाऊ दे, पण अर्धंच गाणं वाजव. उरलेलं ऐकायचं असेल तर बाईला बोलवा म्हणून सांग.

रहमतनं तसंच केलं. कडवं ऐन रंगात आलं की तो खटका दाबायचा. लोक चिडायचे, शिव्या घालायचे, एका गावात तर त्याची बंडी अडवली. पण त्याच गावानं पुढच्या महिन्यात इंदूबाईला बैलगाडी पाठवली. बाभुळगावच्या बाजूनं बोलावणी सुरू झाली, मग वणीकडून. कार्यक्रमाला रहमत भोंगा घेऊन सोबत जायचा आणि तिची परवानगी घेऊन नवी गाणी भरायचा. आता तो माईकजवळ थांबत नव्हता. गर्दीत शिरायचा, कधी म्हाताऱ्यांमध्ये बसून ऐकायचा, कधी बायकांच्या मागं उभा राहायचा.

सहासष्टला त्यानं यवतमाळला दुकान थाटलं. तिथं वीज होती, आणि मागची खोली गोधड्या टांगून त्यानं हवी तशी केली होती. कुठली गोधडी काढायची, कुठली ठेवायची, हे जुबैदा दारात उभी राहून सांगायची. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे आवाज भरून मिळेल'. भजनी मंडळं यायची, कव्वाल यायचे. एकदा नेमसिंग नावाचा बंजारा तांड्यावरचा माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तिला खोलीत गाता येईना, दोनदा सुरू करून ती थांबली. गोधड्यांनी कोंडल्यासारखं होतं म्हणाली. रहमतनं यंत्र उचललं, लांब तार जोडली आणि तिला मागच्या अंगणात बाभळीखाली बसवलं. म्हातारीनं आभाळाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि आपल्या गोरबोलीतलं गाणं सुरू केलं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, कुठंतरी कोंबडा आरवला. रहमतनं तेही आवाज फितीवर येऊ दिले, खटका बंद केला नाही.