खडूची फुली

बीडला माझ्याकडे येणाऱ्या पेपरावर परळीसारखी थर्मल वीजकेंद्राची राख नसते, तरी वाचण्याआधी मी तो झटकतो. ही सवय परळीच्या एका टेलरकाकांची. आमच्या घरातला मी पहिला बीए. पदवी घ्यायला जातानाची पँट त्यांनीच शिवली होती. त्यानंतर त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "या ग्रॅज्युएट, वाचा!" म्हणत पेपर झटकून पुढे करायचे.

काका ख्रिस्ती. मशीनशेजारी बायबल उघडं असायचं. जगात कुठं शांततेची बोलणी सुरू झाली की ते त्या बातमीवर कापडाच्या खडूनं फुली मारायचे. "शास्त्रात सांगून ठिवलंय. लोक शांतीच्या गप्पा मारत्याल आन् तवाच नाश येईल. ही शांती खोटी हाय."

"काका, मागच्या टायमालाबी हेच म्हणलं होतं तुमी."

"बीए झालाव, पर धीर न्हाई तुमाला."

पुढे त्यांची लेक म्हाताऱ्यांच्या सेवेच्या नोकरीवर इस्राएलला गेली आणि तिकडं लढाई पेटली. काकांच्या शिलाया वाकड्या यायला लागल्या. एका सकाळी लढाई थांबवायचं ठरल्याची बातमी मी वाचून दाखवली. त्यांनी ती तीनदा वाचायला लावली. मी हसत पेपर त्यांच्यापुढे सरकवला, "मारा फुली."

त्यांनी खडू खिशात घातला. एरवी मला अहोजाहो करणारे काका म्हणाले, "गप बस बे. एवढी एक शांती खरी निघू दे."