'पती'ची अक्षरं

नंदुरबारच्या मिरची बाजारामागे नथ्थू गाड्यांवरची अक्षरं काढून देतो. निवडणुका झाल्या की त्याची दिवाळी, कारण हरलेल्यांना 'भावी आमदार' पुसायची भलतीच घाई असते. ब्लेडने खरवडून गाडीची वाट लावून आणणाऱ्यालाच काय, तो प्रत्येकच गिऱ्हाइकाला आधी शिव्या घालतो, मगच गाडीला हात लावतो. त्याची पद्धत साधी आहे. गरम हवेने डिंक मऊ करायचा, अक्षरामागे मासेमारीची नायलॉनची तंगूस घालून करवतीसारखी ओढायची आणि उरलेला चिकटा खोबरेल तेलाने चोळून काढायचा.

परवा शहाद्याकडच्या एका गावच्या सरपंच यामिनीबाई आल्या. त्यांच्या लाल गाडीच्या मागे नवऱ्याने, म्हणजे अजितने, निकालाच्या दिवशीच 'सरपंच पती' अशी पितळी अक्षरं डकवली होती. आता तो समोरच्या कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून फोनवर कुणाला तरी दम देत होता, "सरपंच बोली ऱ्हायनू मी!"

यामिनीबाई नथ्थूला म्हणाल्या, "दादा, 'पती' काढी टाका. 'सरपंच' ऱ्हाऊ द्या."

नथ्थूने हयातीत पहिल्यांदा शिवी न देता काम सुरू केलं. अक्षरं निघाली, डिंकही निघाला, पण पत्र्यावर 'पती' गडद लाल दिसतच राहिलं. भोवतालचा रंग दोन वर्षांच्या उन्हाने फिका पडला होता.

"आते हाई पुसीसन जावाव नही," नथ्थू म्हणाला. "उन्हमा उभी करा, धीरे धीरे जाई."

यामिनीबाईंनी कडुनिंबाखाली पाहिलं.

"अहो," त्यांनी हाक मारली, "खुर्ची लईसन उन्हमा या!"