शेवटच्या बांधीचं पाणी

आमची बांधी नहराच्या अगदी शेवटी. मौद्याकडे धानाच्या शेताला बांधीच म्हणतात. धरणातून पाणी सुटलं की ते मोठ्या नहरात येतं, तिथून लहान नहरात, मग गावच्या चारीत. चारीवर प्रत्येकाच्या शेताला पत्र्याचं एक दार. आपली पाळी आली की दार उचलायचं, संपली की खाली टाकायचं. कागदावरचा नियम फार गोड आहे: आधी शेवटच्या शेताला पाणी, मग एकेक शेत वर सरकत पहिल्याला. हा नियम लिहिणाऱ्याला एकदा आमच्या बांधावर उन्हात उभं करायला हवं होतं. माझ्या आठवणीत आमच्यापर्यंत ओल यायची, पाणी नाही.

बाबांना याचा राग येत नसे, आणि मला त्यांच्या राग न येण्याचाच राग येई. ‘नहरालेच उतार नाही वं बाई,’ ते म्हणत. ‘पाणी का चढून येईन? त्याईचा काय दोष?’ त्याई म्हणजे वरचे शेतकरी. त्यांची दारं पाळी संपली तरी उघडीच असत. पाहणीला साहेब आले की तेही उताराचंच सांगून जात. उतार सगळ्यांनाच सोयीचा होता. तरी दरवर्षी पाणी सुटायच्या आधी बाबा आमच्या वाट्याची चारी गवत काढून लख्ख करत. गावात हसत, ‘पाहुणा येत नाही, अन हा रोज आंगण सारवते.’

त्या वर्षी पावसानं भादव्यातच पाठ फिरवली. धान पोटरीवर आलं होतं, लोंबी आत तयार, बाहेर पडायची तेवढी बाकी. अशा वेळी पाणी मिळालं नाही तर दाणा भरत नाही, हाती नुसता कोंडा येतो. मी नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहे, तिथेच खोली करून राहते. बाबांच्या छातीत दुखतं, असं आईनं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, नागपूरला घेऊन ये, दाखवू. मागून त्यांचा आवाज आला, ‘धरणाचं पाणी सुटून राहिलं अन मी दवाखान्यात जाऊ? चारी साफ झाली की येतो म्हणा तिले.’

चारी साफ करतानाच गेले. सकाळी, विळा हातात असताना. फोन आला तेव्हा मी ट्रकमधल्या मालाची बिल्टी लिहीत होते. ती पुरी लिहिली, ड्रायव्हरच्या हाती दिली, मग उठले.

घरी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. आमच्या गावात रीत आहे: कोणी गेलं की अग्नी पडेपर्यंत शेतात फावडं लावायचं नाही. आणि राखायला माणूस नसताना दार उघडं ठेवलं तर बांध फुटतो, म्हणून निघताना जो तो आपापलं दार खाली टाकून आला होता. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात काहीच येत नव्हतं. लांबची आत्या यायची होती, तिच्यासाठी सगळे दुपार टळेपर्यंत थांबले. ‘रड वं बाई, रडून घे,’ बाया सांगत होत्या. मी आत्याची बस कुठवर आली असेल याचा विचार करत होते.

पुरुष घाटावर गेले. बैल शेतावरच बांधलेले होते, सकाळपासून उपाशी. माणूस मेलं म्हणून ढोरांची भूक थांबत नाही, म्हणून मी गेले. बांधावर चढले आणि पाण्याचा आवाज आला. चारी काठोकाठ वाहत होती, आणि बाबांनी सकाळी उचललेलं आमचं दार तसंच वर होतं. बांधीत या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पाणी पसरलं होतं, धानाच्या बुंध्याबुंध्याशी. बाबांनी उपटलेलं गवत त्यावर तरंगत हळूहळू सरकत होतं. मी चप्पल काढून पाण्यात पाय ठेवला. गार होतं. एवढंच. मग बैलांना तणस टाकली आणि घरी आले.

संध्याकाळी घाटावरून परतलेल्यांत चारीवरच्या पहिल्या शेताचे काका होते. पाण्याची बातमी त्यांना लागली होती. कडुनिंबाचं पान चावत म्हणाले, ‘पाह्य पोरी, तुह्या बाबाची पुण्याई. पार शेवटपर्यंत पाणी गेलं.’

‘काका,’ मी म्हटलं, ‘मग आज उतार कुठून आला?’

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. आई म्हणाली, ‘चूप वं. आजच्या दिवशी नाही.’ मी चूप झाले. बोलताना माझ्या आवाजात रागसुद्धा नव्हता, एरवी जो नाकावर असतो. बाबा जन्मभर ज्या उताराची बाजू घेत आले तो खोटा निघाला होता, आणि हे कळायला ते हवे होते की नको, तेवढंही मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी दारं पुन्हा उघडली. आम्ही राख सावडून येईपर्यंत चारीत चिखल उरला होता. पण धानाला एकदा पोटभर पाणी मिळालं होतं, ते भरलं. नव्या तांदळाचं पोतं आईनं वाडीला पाठवलं. मी शिजवून खाल्ला. तांदळासारखा लागला.

आता बांधी आई करते. तीही चारी साफ करते, बाबांसारखीच. यंदा धरणाचं पाणी सुटल्याचं ऐकलं तेव्हा मी फोन केला. विचारलं, ‘पोचलं का आपल्याकडे?’

‘नाही वं बाई,’ आई म्हणाली. ‘यंदा गावात कोणी गेलंच नाही.’

भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं, तसं सांगितलं तिनं. मग विचारलं, ‘जेवली का तू?’ मी हो म्हटलं.