डॉ. पेनिआसींचं उघडं दार

डॉ. पेनिआसींच्या खोलीचं दार सताड उघडं असायचं. विद्यार्थ्यांनी केव्हाही यावं, अडचण सांगावी, ही पद्धत त्यांनी ऑकलंडहून पदवीबरोबरच आणली होती. फिजीत, सुव्हातल्या आमच्या शेतकी विभागात दुसऱ्या कुणाचं दार असं नव्हतं. मी तिथली कारकून. मला त्याचं भारी कौतुक.

मुलं यायची. वाकून आत शिरायची, नजर खाली ठेवून खुर्चीच्या टोकावर टेकायची.

"काही अडचण?"

"नाही, सर."

सर वहीत तसं लिहायचे, मी ते टंकायचे. मोठ्या माणसाला "तुमचं सांगणं कळलं नाही" म्हणणं हा आमच्याकडे उर्मटपणा. सर इथलेच, त्यांना हे ठाऊक हवं होतं. पण परदेशी शिकलं की माणूस घरचं तेवढं नेमकं विसरतो.

वासितीला सरांकडचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कळतच नव्हता. अळकुड्यांच्या उत्पन्नाची आकडेमोड ती माझ्या टेबलाशी रडत करायची. नापास झाली की शिष्यवृत्ती बंद, थेट कांदावू बेटावर परत.

"अगं, सरांना सांग ना!"

"कसं सांगू, मावशी? माझ्या आजोळच्या गावातले मोठे आहेत ते."

वर्षअखेरीस मार्गदर्शकांबद्दल मतं मागवली. एकोणीसच्या एकोणीस मुलांनी सरांना पाचपैकी पाच दिले.

"तूसुद्धा?" मी वासितीला विचारलं.

"मग काय, चार देऊ? घरी तोंड कसं दाखवू?"

सरांना उत्कृष्ट मार्गदर्शकाचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि त्याच आठवड्यात वासिती नापास झाली. मी भडकले. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांना तोंडावर सगळं सांगितलं. सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "फेरसंधीचा अर्ज आण. मार्गदर्शन कमी पडलं, असं मी लिहून देतो."

मी अर्ज टेबलावर ठेवतेय तोच वासितीचा मामा तिला घेऊन दारात उभा. बोटीतून उतरून तडक आला होता. जमिनीवर बसून त्यानं यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे सरकवली, आमच्याकडे क्षमा मागताना देतात ती.

"पोरीनं तुमच्या कष्टांची माती केली, साहेब. आम्हाला क्षमा करा."

"अहो, चूक तिची नाही..."

मामानं मान आणखी खाली घातली. ती जुडी नाकारणं म्हणजे सगळ्या घराण्याला झिडकारणं. आणि स्वीकारली, की विषय तिथेच पुरला. पुन्हा कुणी काढायचा नाही.

सरांनी जुडीला हात लावला. स्वीकारल्याची खूण म्हणून हलकेच टाळ्या वाजवल्या. वासितीनं सुटकेचा निःश्वास सोडला. मामा डोळे पुसत म्हणाला, "फार मोठं मन तुमचं."

मी कोरा अर्ज उचलला आणि फाईलला लावला.