बाराव्या मजल्यावरची मामी

पुण्या-मुंबईहून कुणीही भंडाऱ्याजवळच्या वरठीला आलं की माझी मामी आधी पाणी द्यायची आणि पेला परत घ्यायच्या आत विचारायची, "लिफ्टमंदी आरसा कोन्त्या बाजूनं होता?" येणाऱ्याला वाटायचं, बाई चेष्टा करतेय. मग ती वही काढायची. बटणं किती उंचावर होती, सहा वर्षांच्या पोरीचा हात पोचेल का, दार लागताना आवाज येतो का, लाइट गेली तर आतल्या माणसाने काय करायचं. माझ्या एका मावसभावाला तिने त्याच्या इमारतीतला कचरा कोण, कधी आणि कसा खाली नेतो यावर अर्धा तास पिडलं होतं. बिचारा लग्नाची पत्रिका द्यायला आला होता.

मामी लहान मुलांची पुस्तकं लिहायची आणि ती सगळी बाराव्या मजल्यावर घडायची. रिनी नावाची मुलगी, तिचा फ्लॅट, तिची बाल्कनी, तिचा कुंडीतला टोमॅटो. मामीचं स्वतःचं घर पत्र्याचं. मामा स्टील प्लांटमध्ये शिफ्टवर जायचा. त्याची मोटरसायकल गल्लीबाहेर पडली की मामी भात चढवायची आणि ओट्याशेजारी वही घेऊन बसायची. बाराव्या मजल्यावर ती जन्मात राहिली ती पंधरा दिवस, पुण्याला, बहिणीच्या बाळंतपणात. त्या नवलाईतून पहिली गोष्ट निघाली. तिने ती पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवली, त्यांनी छापली आणि मुलांनी डोक्यावर घेतली. मग दुसरी, मग तिसरी. मामा म्हणायचा, "हे रिनी आपल्या घरी जेवाले कई येत नाही, पन भात रोज तिच्याचपायी करपते."

गोष्ट पुण्याला जायच्या आधी गल्लीतल्या पोरांना ऐकवायची हा तिचा नेम. पोरं अंगणात बसायची आणि पहिल्याच पानावर विचारायची, लिफ्ट म्हणजे काय. "इहिरीची बादली रायते ना, तशीच. पान्याच्या जागी मानसं." एवढ्यावर पोरांचं समाधान व्हायचं. कुठे एखादं पोर जांभई देतंय यावर तिचं बारीक लक्ष असायचं. जांभई आली की तो परिच्छेद गेला, मग तिला तो कितीही आवडो. "पोट्टे खोटी तारीफ करत नाही," ती म्हणायची.

एकदा प्रकाशकांनी तिला पुण्याला बोलावलं. शाळेतल्या मुलांशी गप्पांचा कार्यक्रम होता. मी सोबत गेलो होतो. एका मुलाने विचारलं, "आजी, तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे?" मामी म्हणाली, "तळमजला." मुलं हसली, टाळ्या वाजल्या, सह्यांसाठी रांग लागली. परत निघताना ती त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चार वेळा वर-खाली जाऊन आली, वही हातात. वॉचमनने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, बऱ्या आहेत, लेखिका आहेत. त्याला दोन्ही एकदम पटलेलं दिसलं नाही. मामी मात्र गाडीत भंडारा रोड स्टेशन येईपर्यंत खूष होती. तिला मी इतकं खूष नंतर पाहिलं नाही.

कारण तिला लिहायची होती वेगळीच गोष्ट. तिचं माहेर सानगडीचं. शेताला लागून बोडी, म्हणजे धानाला पाणी पुरवणारं छोटं तळं. त्या बोडीत बुधी नावाच्या पोरीची नवी चप्पल बुडते. बुधीला आजोबा सांगतात, रडू नको, उन्हाळ्यात बोडी आटते, तेव्हा सापडेल. बुधी रोज काठावर जाऊन बसते. पाणी दररोज बोटभर खाली जातं आणि गावाने वर्षभर हरवलेलं एकेक वर येतं: कुणाचा पाण्याचा गडवा, कुणाची चावी, कुणी भांडणात फेकलेला विळा. ज्याचं त्याला नेऊन देता देता बुधीची सगळ्या गावाशी ओळख होते. ही गोष्ट मामीने अंगणात सांगितली तेव्हा एकालाही जांभई आली नाही. दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा तीच मागायला आली.

पुण्याहून फोन आला. संपादक फार सभ्य माणूस. "ताई, गोड आहे. पण बोडी म्हणजे काय, हे समजवायला तळटीप द्यावी लागेल. मुलं तळटीपा वाचत नाहीत. आपल्या वाचकाला ओळखीचं वाटायला हवं. रिनीचं पुढचं कधी देताय?" मामी म्हणाली, "बरं सर." फोन ठेवून माझ्याकडे वळली. "आमच्या पोट्ट्याईले लिफ्टची टीप कोनं देल्ली होती?" हे ती त्यांना कधीच म्हणाली नाही. रिनीचं पुढचं तिने वेळेवर दिलं. बुधीची गोष्ट तिने चार वेळा पाठवली, चार वेळा ती तितक्याच सभ्यपणे परत आली.

मग तिने युक्ती केली. रिनीलाच उन्हाळ्याच्या सुट्टीत सानगडीला पाठवलं. चप्पल रिनीची, बोडी तीच, आजोबा तेच, बुधी मैत्रीण म्हणून. महिनाभर ती आशेवर होती. छापील पुस्तक आलं तेव्हा मी तिथेच होतो. मुखपृष्ठावर रिनी एका रिसॉर्टमध्ये उभी, मागे डोंगर आणि समोर फरशी लावलेला निळाशार तरणतलाव. आतही बोडीचा तरणतलाव झाला होता आणि बुधी नव्हतीच. मामीने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि बंद केलं. "या पान्यात चप्पल हरपते कशी?" ती म्हणाली. "वरूनच दिसते ना." मग उठून तिने ते बुद्धमूर्तीच्या बाजूच्या फळीवर रिनीच्या बाकी पुस्तकांच्या ओळीत नीट लावलं. ती रडली असती तर लागलं नसतं इतकं मला ते लागलं.

त्या दिवशी पहिल्यांदा ती संपादकांना नाही म्हणाली. रिनी बंद, यापुढे बुधी छापली तरच लिहीन. संपादक सभ्यपणेच म्हणाले, "ताई, तुमची इच्छा. पण रिनी सुरू राहील. करारात आहे तसं." मामीने पेटीतून करार काढला आणि माझ्या हातात दिला. तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, पात्राचे आणि मालिकेचे सर्व हक्क प्रकाशकांचे. आता ही गोष्ट मला सांगायलाच हवी. हा करार पहिल्यांदा आला तेव्हाही तिने तो माझ्याच हातात दिला होता. मी नुकताच बी.कॉम. झालेलो, घरातला शिकलेला. पहिलं पान वाचलं, बाकीची उलटली आणि ऐटीत म्हणालो, "ठीक आहे मामी, कर सही." तिने केली. मला लाज वाटली, अजून वाटते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "तू वाचलं असतं तरी मी सही केलीच असती. छापलेलं नाव पाहाचं होतं मले." हे खरं होतं की मला सोडवायला म्हटलं होतं, मला आजवर कळलेलं नाही.

रिनी आता दुसरं कुणी लिहितं. माझी मुलगी नागपूरला आमच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती वाचते आणि तिला लेखक बदलल्याचं जाणवत नाही. मामी मोकळी झाली. मामा निवृत्त झाला, वेळच वेळ. मला वाटलं, आता बुधी पुस्तकात येईल, कुणी नाही छापलं तर आपण भंडाऱ्याला छापू. मी तिला कोऱ्या वह्या नेऊन दिल्या.

झालं भलतंच. अंगणात सांगताना बुधी तिच्या तोंडून अजून खणखणीत बोलते. पण वहीवर पेन टेकलं की पोरगी बदलते. बोडीच्या गाळात पाय घातला की 'ई, घाण!' म्हणते. आजोबांना 'थँक यू' म्हणते. मी म्हटलं, तू सांग, मी लिहून घेतो. समोर मी वही उघडून बसलो तशी ती छापील भाषेत बोलायला लागली आणि दोन वाक्यांनंतर स्वतःच थांबली. "इतके वर्षं रिनीसारखं लिहिलं," ती म्हणाली, "आता हातच तिचा झाला. माही पोरगी बाहेर निंगूनच नाही राहिली." अंगणात तेव्हा पोरं खेळत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातली वही मिटली.

तरी ती सोडत नाही. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. "चार ओळी झाल्या, आयक." ती वाचते. बुधी काठावर बसलेली असते, पाणी खाली जात असतं, आणि तिसऱ्या ओळीत ती काहीतरी असं बोलते की आम्हा दोघांनाही कळतं ही कोण आहे. मी म्हणतो, छान झालंय, मामी.

"जांभई देल्ली तू," ती म्हणते, आणि फोन ठेवते.